वेणीफणी

आमच्या पत्नीला चार वर्षांपूर्वी स्मृतिभ्रंश जडला. हा मेंदूचा आजार आहे. वेड नव्हे, बाहेरची बाधा तर मुळीच नव्हे. यातला एक प्रकार अल्झायमर नावाच्या जर्मन डॉक्टरने १९०६ साली प्रथम मांडला.

सकाळी वेणी घालायला बसवले, की ती आरशात बघून घाबरे. "ही बाई कोण?" म्हणे. आम्ही पडलो हेडमास्तर! एकदा आवाज चढवला, फणी जोरात ओढली. ती लहान पोरासारखी रडली. त्या दिवशी आम्हाला जेवण गेले नाही.

आता आरशावर पंचा टाकतो. मागून जात नाही. समोर बसतो, फणी दाखवतो, "तेल लावू का गं?" असे विचारतो. एका वेळी एकच गोष्ट. नको म्हणाली, तर चहा पिऊन पुन्हा येतो.

तिला जमते ते तिलाच करू देतो. माणसे विसरली, तरी हाताची जुनी सवय पुष्कळ दिवस टिकते. कुंकवाचा करंडा पुढे केला, की बोट बरोबर कपाळावर जाते.

परवा तिने आम्हालाच विचारले, "तुम्ही कोण?"

"शाळेतला मास्तर."

"वेणी बरी घालता हो," ती म्हणाली.