परिषदेंतील एक सूचना



विद्वानांच्या परिषदांविषयीं आपल्या समाजांत फारसा आदर आढळत नाहीं. दूरदूरच्या देशांतून मंडळी जमतात, निबंध वाचले जातात, मेजवान्या झडतात, ठराव संमत होतात आणि अखेरीस सर्वांचें एकत्र छायाचित्र निघालें कीं जो तो आपापल्या घरीं जातो. यांतून निष्पन्न काय होतें, असा प्रश्न चारचौघांत नेहमीं ऐकूं येतो. प्रश्न गैरवाजवी नाहीं. कित्येक परिषदांच्या बाबतींत त्याचें उत्तर 'छायाचित्र' असेंच द्यावें लागेल. परंतु युरोपांतील भाषापंडितांच्या एका परिषदेंत मांडल्या गेलेल्या सूचनेची हकीकत याहून वेगळी आहे, आणि तीच आज आपणांस सांगावी असें योजिलें आहे.

रशियन, युक्रेनियन, पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन इत्यादि भाषांच्या कुटुंबास स्लाव्ह भाषा म्हणतात. आपल्या संस्कृताशीं त्यांचें नातें आहे; दूरचें असलें तरी अधूनमधून चेहरा ओळखूं येतो. अस्वलास रशियन भाषेंत 'मेद्व्येद' म्हणतात. त्यांतील पहिला भाग म्हणजे आपला 'मधु' आणि दुसरा भाग खाणें या अर्थाच्या 'अद्' धातूचा सोयरा. अस्वल म्हणजे मध खाणारें! त्याचें मूळचें नांव उच्चारलें तर तें प्रत्यक्ष समोर येऊन उभें राहील, या भयानें तें नांवच लोकांनीं टाकून दिलें, असें पंडित मानतात. रात्रीं सापाला 'लांबडें' म्हणणाऱ्या आपल्या खेडुतांस हें निराळें समजावून सांगावयास नको.

अशा शब्दांचीं रूपें गांवोगांव बदलतात. दुधास रशियांत 'मलाको' म्हणतात, तर सर्बियांत 'म्लेको', बोस्नियाकडे 'म्लियेको' आणि आड्रियाटिकच्या किनाऱ्यावर कित्येक ठिकाणीं 'म्लिको'. कोणत्या गांवाशीं एक रूप संपतें व दुसरें सुरू होतें हें नकाशावर दाखविलें, तर जुन्या काळीं कोणते लोक कोठून कोठें गेले याचा माग लागतो. ज्या खेडुतांचा इतिहास कोणी लिहून ठेवला नाहीं, त्यांचा इतिहास त्यांच्या बोलण्यांत असतो.

स्लाव्ह भाषांच्या अभ्यासकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९२९ सालच्या ऑक्टोबरांत प्राग येथें भरली. आदल्याच वर्षीं हेग येथें सर्व भाषाशास्त्रज्ञांची पहिली परिषद झाली होती. प्रागच्या परिषदेपुढें तेथील भाषाशास्त्र-मंडळानें मांडलेलीं प्रमेयें पुढें जगभर गाजलीं. माझी हकीकत मात्र त्यांची नव्हे. त्याच परिषदेपुढें आंत्वान मेये व ल्युसियँ तेनिएर या दोघां पंडितांनीं अशी सूचना आणली कीं, समस्त स्लाव्ह बोलींचा एकच नकाशासंग्रह तयार करावा. हे दोघेहि फ्रेंच, स्लाव्ह नव्हेत! पण त्यांच्या देशांत हें काम होऊन चुकलें होतें. एडमाँ नांवाच्या एका तीक्ष्ण कानाच्या किराणा दुकानदारानें १८९७ पासून १९०१ पर्यंत ६३९ गांवें हिंडून लोकांचे उच्चार जसेच्या तसे टिपले होते आणि जिलिएराँ यांनीं त्यांवरून फ्रान्सचे नकाशे सिद्ध केले होते. एक देश झाला, तर एक अखंड भाषाकुल कां होऊं नये, अशी मूळ कल्पना.

दुसरी परिषद १९३४ सालीं पोलंडांत भरली. तिसरी १९३९ च्या सप्टेंबरांत बेलग्रेड येथें व्हावयाची होती. अशा परिषदांचा एक चांगला रिवाज असा कीं, चर्चेचे प्रश्न आगाऊ पाठवून त्यांचीं उत्तरें आधींच छापून काढीत. बेलग्रेडचे खंड छापून झाले. आणि त्याच सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस जर्मन फौजा पोलंडांत घुसल्या. उत्तरें छापलेलीं राहिलीं, परिषद भरलीच नाहीं. ६ नोव्हेंबर रोजीं क्राको विद्यापीठाच्या अध्यापकांस व्याख्यानाच्या निमित्तानें एकत्र बोलावून नाझींनीं पकडलें. विद्यापीठाचे प्रमुख लेर-स्प्लाविन्स्की आणि पोलिश बोलींचे थोर अभ्यासक निच हे त्यांतच होते. ज्यांनीं नकाशे काढावयाचे, त्यांची रवानगी छळछावणींत झाली.

युद्ध संपल्यावर तरी गांवें जागच्या जागीं राहिलीं काय? १९४७ सालीं पोलंडच्या आग्नेय कोपऱ्यांतील सुमारे १,४०,००० युक्रेनियन व लेम्को लोकांस सरकारनें घरांतून उठवून दूर उत्तरेस व पश्चिमेस विखरून टाकिलें. शेंकडो वर्षें एका डोंगरपट्टींत नांदलेली बोली चार दिशांना गेली. १९२९ ची सूचना त्याच दशकांत अंमलांत आली असती, तर जे नकाशे निघाले असते, ते आतां पुरे निघणें नाहीं. विद्येच्या कामांतील दिरंगाईची किंमत अशी मोजावी लागते.

अखेर १९५५ सालीं बेलग्रेड येथें अभ्यासक पुन्हां एकत्र बसले आणि १९५८ सालीं मॉस्कोस परिषद भरली. ती भरलेल्यांत तिसरी, तरी तिला चौथी म्हणतात; बेलग्रेडच्या न भरलेल्या परिषदेचा क्रमांक त्यांनीं राखून ठेवला. मला ही गोष्ट फार आवडते. तेथें नकाशासंग्रहाचा विषय पुन्हां निघाला आणि या खेपेस काम सुरू झालें. सुमारे साडेआठशे गांवें निवडलीं गेलीं, त्यांत जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली व हंगेरी येथील स्लाव्ह वस्त्याहि आल्या. तीन हजारांहून अधिक प्रश्नांची प्रश्नावली झाली. भांडणेंहि झालीं. मॅसिडोनियांतील बोलींस काय म्हणावें या वादावरून बल्गेरियाचे पंडित कांहीं काळ बाहेर पडले. नकाशा म्हटला कीं सरहद्द आली, आणि सरहद्द आली कीं विद्वानांचाहि तोल राहत नाहीं! पहिले खंड १९८८ सालीं प्रसिद्ध झाले. सूचनेपासून एकोणसाठ वर्षें लोटलीं होतीं. मेये १९३६ सालींच वारले, तेनिएर १९५४ सालीं.

हें सर्व परक्यांचें, असें कोणी म्हणेल. पण आपल्या मराठीची पहिली विस्तृत पाहणीहि परिषदेच्या ठरावांतूनच निघाली आहे. १८८६ सालीं व्हिएन्नास प्राच्यविद्या-परिषद भरली असतां हिंदुस्थान सरकारनें देशांतील भाषांची पद्धतशीर पाहणी करावी, असा ठराव तेथें झाला. परिषदेस ग्रियर्सनसाहेब हजर होते. पुढें त्यांनींच ती पाहणी तडीस नेली, आणि १९०५ सालीं निघालेल्या तिच्या सातव्या खंडांत कोंकणीपासून वऱ्हाडी-हळबीपर्यंतचे नमुने आले. त्यांची पद्धत मात्र सदोष होती. बायबलांतील उधळ्या पुत्राची गोष्ट जिल्ह्याजिल्ह्यांतील अंमलदारांकडे पाठवून तिचीं स्थानिक भाषांतरें मागविलीं जात. भाषांतर करणारा बहुधा लिहितावाचता. तो कागदावर सोंवळ्यानेंच बोलतो. स्लाव्ह मंडळींनीं शिकविलेले अभ्यासक गांवांत पाठविले, हें त्यांचें काम अधिक पक्कें होण्याचें कारण.

शाळेंत आम्ही शिक्षक 'पानी' म्हणणाऱ्या मुलास 'पाणी' म्हणावयास लावितों. तें आमचें कामच आहे. परंतु नकाशा काढणाऱ्यास नेमकें 'पानी' कोठें संपतें हेंच हवें असतें. पुण्याच्या डेक्कन कॉलेजानें राज्य मराठी विकास संस्थेबरोबर अलीकडे मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचें काम हातीं घेऊन गांवोगांवचें बोलणें ध्वनिमुद्रित केलें आहे. असे अभ्यासक आपल्या गांवीं आले, तर घरांतील शिकलेल्या तरुणांनीं पुढें होऊन शुद्ध उत्तरें देऊं नयेत. ओसरीवरच्या आजीबाईंस बोलूं द्यावें, आणि मध्येंच त्यांची चूक काढूं नये.