धूर, धंदा आणि देशाचे धोरण

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात केलेले भाषण)

मी विद्वान नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चाळीस वर्षे गादीवर बसलेला कापडाचा व्यापारी आहे. तरीही संयोजकांनी हा विषय माझ्याकडे सोपविला, याचे कारण बहुधा माझा टेम्पो असावा.

तीन वर्षांपूर्वी पूज्य माताजींच्या विहारात मी पहाटे इचलकरंजीच्या रस्त्याने चालत होतो. मागून एक टेम्पो आला आणि काळ्या धुराचा लोट आमच्यावर सोडून पुढे गेला. माताजी पदर नाकाशी धरून क्षणभर थांबल्या. तो टेम्पो माझाच होता, तागे आणावयास निघालेला. वायुकायिक जीवांचा विचार लहानपणापासून ऐकत आलेल्या माझ्यासारख्याला त्या वेळी मान वर करता आली नाही.

त्या गाडीजवळ प्रदूषण तपासणीचा वैध दाखला होता. तो कसा मिळाला, तेही सांगतो. यंत्राची नळी गाडीला न लावताच मिळाला. मी पैसे दिले, कागद घेतला. दोष देणाऱ्याचा तितकाच माझाही. आणि तपासणी प्रामाणिक झाली असती, तरी डिझेल गाडीच्या धुराची केवळ दाटी मोजली जाते. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि फुप्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण त्यात मोजलेच जात नाहीत.

कोणी म्हणेल, ज्याने त्याने संयम पाळावा, धोरण कशाला? येथे मला वडिलांच्या काळातील गोष्ट आठवते. पूर्वी कापड वाराने विकले जाई. १९५६ च्या कायद्याने मीटर आला. एकट्या दुकानदाराने मीटर धरला असता, तर गिऱ्हाईक गोंधळून शेजारी गेले असते. सर्वांना एकच नियम लागला म्हणून तो टिकला. (नऊवारी मात्र नऊवारीच राहिली!) गाड्यांचेही तसेच आहे. मी एकट्याने महाग, स्वच्छ गाडी घेतली, तर माझी वाहतूक महागते आणि धूर सोडणाऱ्या शेजाऱ्याची स्वस्त राहते.

नियम कडक झाल्यावर काय घडते, हे आपण पाहिले आहे. २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. दिल्लीतील बसगाड्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर २००२ च्या अखेरपर्यंत सीएनजीवर आल्या. २०१६ मध्ये केंद्र सरकारने पाचवा टप्पा गाळून थेट भारत स्टेज सहा आणण्याचे ठरविले आणि १ एप्रिल २०२० पासून तो देशभर लागू झाला. डिझेलमधील गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० वर आले. डिझेल मोटारीच्या नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० झाली. अशक्य म्हटले गेलेले काम चार वर्षांत झाले.

व्यापारी म्हणून एक गोष्ट मात्र मनाला लागली. मार्च २०१७ च्या अखेरीस भारत स्टेज तीनच्या गाड्यांची विक्री न्यायालयाने १ एप्रिलपासून बंद केली, तेव्हा कंपन्यांकडे आठ लाखांहून अधिक गाड्या पडून होत्या. पडून राहिलेल्या मालाचे दुःख मला ठाऊक आहे. पण तारीख आधीपासून ठाऊक असता माल भरत राहणे हा व्यापार नव्हे. म्हणून माझे म्हणणे असे, की नियम कडक असावा, लांबची तारीख द्यावी आणि ती तारीख कोणासाठीही हलवू नये.

हे झाले धुराचे. कार्बन डाय-ऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही. मोटारींसाठी सरासरी मर्यादा आहे: आधी किलोमीटरला १३० ग्रॅम, २०२२-२३ पासून ११३. ती आणखी खाली आली पाहिजे. भारताने शून्य उत्सर्जनासाठी २०७० हे वर्ष दिले आहे; त्या वर्षी आपल्यापैकी कोणी हिशेब द्यावयास नसणार, म्हणून मधल्या वर्षांची उद्दिष्टे कायद्यात हवीत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा दुकानातील खालच्या तीन फळ्यांवरचा माल चिखलात गेला. एका पुराचे खापर एकाच कारणावर फोडता येत नाही, हे मी जाणतो. परंतु तापलेली हवा अधिक बाष्प धरते आणि अतिवृष्टी वाढते, एवढे विज्ञान व्यापाऱ्यालाही कळते.

माझ्या टेम्पोला जतकडील गिऱ्हाईक आले होते. विकला असता, तर तोच धूर जतच्या रस्त्यावर गेला असता. म्हणून तो मोडीत काढला. भंगाराचा भाव विक्रीच्या निम्माही नव्हता. २०२१ च्या धोरणात नव्या गाडीच्या करात सवलत आहे, पण छोट्या वाहनमालकाला तेवढ्याने परवडत नाही. ही भरपाई वाढवावी आणि तपासणीत खरे मोजमाप व्हावे, असे निवेदन खासदारांना द्यावयाचे आहे. ते प्रवेशद्वाराशी ठेवले आहे. व्यापारी बंधूंनी सहीसमोर आपल्या गाडीचे उत्पादनवर्षही लिहावे, ही विनंती.