रविवारची उपासना: येणारे आणि न येणारे



आजचा विषय जाहीर झाल्यावर संयोजकांकडे एका श्रोत्याची चिठ्ठी आली. त्यांनी विचारलं आहे, देव सगळीकडे आहे असं तुम्ही ख्रिस्ती लोकही मानता, मग दर रविवारी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या इमारतीत जाऊन बसायचं कशासाठी? घरी बसून प्रार्थना केली तर ती पोहोचत नाही का?

प्रश्न रास्त आहे. आमच्या घरातली कॉलेजात जाणारी मुलंही तोच विचारतात. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. घरी केलेली प्रार्थना पोहोचते, याबद्दल मला शंका नाही. येशूने स्वतःच दार लावून एकांतात प्रार्थना करायला सांगितलं. पण रविवारची उपासना ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. तिच्या मध्यभागी भाकर आणि द्राक्षारस आहे, म्हणजे जेवण आहे. आणि एकट्या माणसाची पंगत होत नाही. ख्रिस्ती माणूस रविवारी जातो तो देव तिथेच भेटतो म्हणून नव्हे. तो जातो कारण बाकीचे तिथे असतात आणि त्यांना त्याची गरज असते. जो जात नाही, त्याचाही विचार याच बाजूने करावा लागतो, असं मला वाटतं.

इ. स. ११२च्या सुमाराची एक नोंद आहे. आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागात बिथिनिया नावाचा प्रांत होता. तिथला रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहून विचारलं, या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय? चौकशीत त्याला एवढंच कळलं होतं की ही माणसं एका ठरावीक दिवशी उजाडण्याआधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गातात, चोरी आणि व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात, पांगतात आणि नंतर पुन्हा एकत्र जेवायला येतात. ही माहिती पक्की करण्यासाठी त्याने दोन दासींचे हाल केले. त्या दासी त्या मंडळीत सेविका म्हणून काम करत होत्या, हेही त्याने लिहून ठेवलं आहे.

उजाडण्याआधीच का? कारण रविवार हा कामाचा दिवस होता. दास-दासींना सुट्टी कुठली? सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवार विश्रांतीचा दिवस ठरवला तो ३२१ साली, आणि तेव्हाही शेतकऱ्यांना त्यातून वगळलं. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षं ख्रिस्ती लोक झोप मोडून, कामावर जाण्याआधी जमत होते. सुट्टी होती म्हणून उपासना सुरू झाली, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. त्या सुट्टीचा फायदा गिरणीतल्या ख्रिस्ती कामगारालाही झाला. ती मिळवून दिली फुल्यांच्या एका सत्यशोधक सहकाऱ्याने, हे आम्ही ख्रिस्ती लोकांनी जास्त वेळा आठवायला हवं.

साधारण १५५ साली रोममध्ये जस्टिन नावाच्या लेखकाने रविवारच्या सभेचं वर्णन केलं आहे. शास्त्रवाचन, मग प्रवचन, मग सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना, मग भाकर आणि द्राक्षारस, मग ऐपतीप्रमाणे दान. दान कुणासाठी? अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांच्यासाठी. आज नगरच्या किंवा वसईच्या चर्चमध्ये जाऊन बसा, क्रम थोड्याफार फरकाने हाच दिसेल. जस्टिनच्या वर्णनातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जे येऊ शकले नाहीत, त्यांच्याकडे त्या भाकरीतला वाटा सेवकांच्या हाती पोहोचवला जाई. गैरहजर माणूस त्या दिवसापासून हिशेबात धरलेला आहे.

३०४ साली आजच्या ट्युनिशियातल्या अबिटिना गावच्या ४९ माणसांना बेकायदा जमल्याबद्दल पकडून कार्थेजला नेलं. सम्राटाचा हुकूम असताना का जमलात, या प्रश्नावर त्यांच्यातल्या एकाने दिलेल्या उत्तराचा आशय असा, की प्रभूच्या दिवशी जमल्याशिवाय आम्ही राहू शकत नाही. त्यांना मृत्यू आला. त्यांनी घरोघरी गुपचूप प्रार्थना केली असती, तर बहुधा ते वाचले असते.

आता याची दुसरी बाजू. ज्या गोष्टीसाठी माणसं जीव देत होती, तीच पुढे सत्तेने सक्तीची केली. १२१५च्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा, ईस्टरच्या सुमारास, कम्युनियन, म्हणजे ती भाकर, घेणं जाणत्या वयाच्या प्रत्येकाला बंधनकारक केलं. असा नियम करावा लागतो याचा अर्थ उघड आहे: माणसं तेवढ्यांदाही ती घेत नव्हती. इंग्लंडात १५५९च्या कायद्याने रविवारी चर्चला न येणाऱ्याला १२ पेन्स दंड बसवला. दंडाने बाक भरले, यात शंका नाही. पण दंड देण्याच्या भीतीने आलेला माणूस शेजाऱ्यासाठी आलेला नसतो, आणि मुलं मोठी झाली की ती पहिल्यांदा हेच ओळखतात. युरोपातली चर्च आज ओस पडली आहेत. त्याची सुरुवात विज्ञानाने केली, असं नेहमी सांगितलं जातं. मला त्या सक्तीचा वाटाही मोठा वाटतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ३० मार्च १८५१ रोजी चर्चमध्ये आलेल्यांची मोजणी झाली. येऊ शकत होते पण आले नाहीत, अशांचा अंदाज निघाला ५० लाखांहून जास्त. ते बहुतेक कष्टकरी वर्गातले होते. अहवाल लिहिणाऱ्या होरेस मान यांनी कारणं नोंदवली त्यात एक होतं, पुढचे बाक भाड्याने दिलेले असत. पैसेवाल्यांची जागा राखीव, गरिबाने मागे बसायचं किंवा उभं राहायचं. अशा ठिकाणी तो का येईल?

आपल्याकडे बाकाचं भाडं नव्हतं. पण बसण्याच्या जागेवरून माणूस ओळखण्याची आपली पद्धत त्याहून जुनी आहे आणि ती बाप्तिस्म्याच्या पाण्याने सगळीकडे धुऊन निघाली नाही. याबद्दल आमच्या मंडळ्यांनी उघडपणे बोललं पाहिजे. घराण्यांचे गट, मिशनच्या जमिनींचे दावे, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीतली कटुता यांमुळे जेवढी माणसं यायची थांबली, तेवढी नास्तिक ग्रंथ वाचून थांबलेली मी पाहिली नाहीत.

पण मराठी मुलखात माणसं चर्चमध्ये टिकली कशी, हीही एक मोठी गोष्ट आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, तेव्हा लॅटिनमध्ये होई, नव्या ख्रिस्ती माणसाला त्यातलं अक्षर कळत नसे. जुनी पुराणं सुटलेली आणि हाती नवं काही नाही, अशी या नव्या ख्रिस्ती लोकांची अवस्था. स्टीफन्सनी सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं. ते १६१६ साली छापलं गेलं आणि सासष्टीच्या चर्चमधून रविवारी वाचलं जाऊ लागलं. माणसं ऐकायला बसत, कारण ते त्यांच्या कानाला ओळखीचं होतं.

मिस्सा मात्र त्यानंतरही साडेतीनशे वर्षं लॅटिनच राहिली. १९६३च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला दार उघडलं आणि वसईत मराठी मिस्सा सुरू झाली. त्याआधी वेदीजवळ फादर पाठमोरे उभे राहून लॅटिन म्हणत आणि लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या मागे आपापला रोझरीचा जप करत. नुसती हजेरी म्हणाल तर ती होतीच. एकमेकांत मिसळलेला आवाज नंतर आला.

प्रोटेस्टंटांकडे भाषा पहिल्यापासून मराठी होती, पण चाली परदेशी होत्या. मराठी शब्द इंग्रजी सुरावटीत ओढूनताणून बसवायचे. १८९५ साली रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांनी अभंग, ओवी, पदं, कीर्तन हे सगळं उपासनेत आणलं. आज आमच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात त्यांच्या रचना जागोजाग आहेत. पेटी, तबला आणि झांजा सुरू झाल्या की न वाचता येणारी बाईही पूर्ण गाणं म्हणते, कारण ते तिला पाठ असतं.

एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. मराठी ख्रिस्ती समाजातली दोन सर्वांत मोठी माणसं, टिळक आणि पंडिता रमाबाई, दोघांचंही प्रस्थापित मिशनशी आणि चर्चशी पूर्ण जमलं नाही. टिळकांनी १९१७ साली मिशनचं काम सोडलं. रमाबाईंनी कुठल्याही एका पंथाच्या चौकटीत बसायला नकार दिला. आजच्या हिशेबाने दोघंही घरी बसून प्रार्थना करायला मोकळी होती. पण टिळकांनी मिशन सोडून काढला तो ‘देवाचा दरबार’, म्हणजे माणसांचा मेळाच, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. रमाबाईंनी केडगावला आपल्या मुक्ती मिशन या संस्थेच्या आवारात मोठं चर्च उभं केलं आणि शेकडो बायका-मुलींना घेऊन तिथे प्रार्थना केली. संस्थेशी भांडण झालं, तरी दोघांनी एकत्र येणं सोडलं नाही.

हे एकत्र येणं प्रत्यक्षात कसं असतं? नेवासा तालुक्यातल्या एका खेड्यातलं चर्च डोळ्यांसमोर आणा. पत्र्याचं छप्पर, पुढे काही बाक, बाकी सतरंज्या. संदेश, म्हणजे प्रवचन, संपल्यावर सेक्रेटरी उभे राहतात आणि उपकारस्तुतीची पाकिटं वाचतात. प्रत्येक पाकिटावर नाव, रक्कम आणि कारण. बोअरला पाणी लागलं म्हणून शंभर रुपये. मुलगी नर्सिंगला लागली म्हणून पाचशे. सासूबाई दवाखान्यातून घरी आल्या म्हणून एक्कावन्न. नातवाचा पहिला वाढदिवस. मग प्रार्थनेच्या विनंत्या: अमक्याचं ऑपरेशन आहे, तमकीच्या मुलाचा दहावीचा पेपर आहे, एकीचा नवरा घर सोडून गेला आहे. शेवटची विनंती वाचताना सेक्रेटरी नाव घेत नाहीत, पण नाव सगळ्यांना माहीत असतं. उपासना संपल्यावर दोन बायका सरळ तिच्या घरी जातात. बाहेरून आलेल्या पाहुण्याला हा भाग कंटाळवाणा वाटतो, काही तरुण पाळक तो आटोपता घेतात. माझ्या मते संपूर्ण सकाळीतलं हे सगळ्यात जपण्यासारखं काम आहे.

याला पुष्टी देणारा अभ्यास आहे. चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनम या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी २०१० साली एक निबंध प्रसिद्ध केला. नियमित चर्चला जाणारे आयुष्याबद्दल जास्त समाधानी असतात, हे आधी माहीत होतं. या दोघांनी दाखवलं की ते समाधान त्यांनाच मिळतं ज्यांचे जवळचे मित्र त्याच मंडळीत असतात. दर रविवारी येऊन, कुणाशी न बोलता निघून जाणाऱ्याला तो फायदा दिसत नाही.

अमेरिकेतलाच आणखी एक अभ्यास १९९३ सालचा. सर्वेक्षणात साधारण चाळीस टक्के लोक दर आठवड्याला चर्चला जातो असं सांगत. संशोधकांनी प्रत्यक्ष डोकी मोजली तेव्हा हजेरी त्याच्या निम्मी निघाली. काहींनी याला ढोंग म्हटलं. मी म्हणणार नाही. जो जात नाही तरी जातो असं सांगतो, त्याला आपण कुठे असायला हवं होतं हे ठाऊक असतं. त्याच्या दारावर कुणीतरी थाप मारली, तर तो येण्याची शक्यता आहे. जात नाही, हे शांतपणे सांगणाऱ्यापर्यंत पोहोचणं अवघड.

करोनाच्या काळात हे सगळं कसोटीला लागलं. मार्च २०२० मध्ये चर्च बंद झाली, महाराष्ट्रात ती १६ नोव्हेंबरला उघडली, पुढच्या वर्षी पुन्हा बंद झाली. मोबाइलवर उपासना दिसायची. संदेश ऐकता येत होता, गाणी ऐकता येत होती. प्रभुभोजन, म्हणजे ती भाकर आणि द्राक्षारस, घेता येत नव्हतं आणि पाकिटं वाचली जात नव्हती. त्या काळात गेलेल्यांच्या मातीला मोजकी माणसं जाऊ शकली. चर्च उघडल्यावर अनेकांनी आधी एकमेकांच्या गळ्यात पडून तेच रडणं पुरं केलं, उपासना नंतर सुरू झाली.

काही परत आले नाहीत. त्यांच्यात मोबाइलची सवय झालेले आहेत, थकलेले आहेत, रागावलेले आहेत. पण मोठा गट आहे तो रविवारी कामावर असणाऱ्यांचा. मॉलमध्ये, कॉल सेंटरमध्ये, हॉटेलात रविवार हा सर्वांत गर्दीचा दिवस. आमच्या समाजातल्या कितीतरी मुली नर्स आहेत, त्यांची पाळी वॉर्ड ठरवतो. या मुलींबद्दल मंडळीत ‘हल्ली दिसत नाही’ असं बोललं जातं तेव्हा मला वाईट वाटतं. ती त्या वेळी कुणाची तरी सलाइन बदलत असते. येशूने शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या, दिवशी आजाऱ्यांना बरं केलं, त्यावरून त्याच्याशी वाद घालणाऱ्यांच्या रांगेत आपण बसायचं का?

कॅथलिक चर्चने शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरायला कधीच मान्यता दिली आहे. शहरातल्या काही प्रोटेस्टंट मंडळ्यांत रविवारी संध्याकाळी दुसरी उपासना होते. बाकीच्या मंडळ्यांत सकाळची वेळ जणू शास्त्रात लिहिली आहे अशी पाळली जाते. ती शास्त्रात नाही. पाळीवर जाणाऱ्यांची यादी पाळकांकडे असावी, त्यांच्या सवडीची एक उपासना आठवड्यात ठेवावी, त्यांची पाकिटं आणि विनंत्या तिथेही नाव घेऊन वाचाव्यात, आणि ज्याला तेही जमत नाही त्याच्याकडे प्रभुभोजन घेऊन जावं. ही मागणी मी आमच्या मंडळीच्या सभेत करत आलो आहे. श्रोत्यांत काही पाळक आणि पंच बसलेले मला दिसताहेत, म्हणून आज ती इथेही करतो.