होडीच्या कण्यास धातूची पट्टी
(ज्युबिलीच्या सभेंत केलेलें भाषण)



या आनंदाच्या प्रसंगीं लांकूड व खिळे यांविषयीं चार शब्द बोलण्याची परवानगी आम्हीं मागून घेतली आहे. ज्या गांवाचें पोट दर्यावर, त्या गांवाच्या उत्सवांत होडीची विचारपूस होणें गैर नव्हे. हल्लीं फायबरच्या होड्या पुष्कळ झाल्या. तथापि लांकडी होडीवर चालणारे संसार आपल्या किनाऱ्यावर अद्याप आहेत.

होडीच्या तळाशीं नाळेपासून मागील टोकापर्यंत जाणारें जें लांब लांकूड, ज्यास इंग्रजींत कील म्हणतात, तोच होडीचा कणा. होडी वर ओढतांना सारा भार त्यावर पडतो. वाळू व खडक प्रथम रंग खातात, मग लांकूड. रंग गेलेल्या जागीं दुसरा शत्रु शिरतो. लांकूड पोखरणारा हा समुद्री किडा वस्तुतः शिंपल्याच्या जातीचा प्राणी आहे. तो अगदीं लहान असतां बारीकशा छिद्रांतून आंत जातो व आंतच वाढतो. बाहेरून लांकूड धड दिसतें. आंत तें पोकळ झालेलें असतें. म्हणून कण्याखालीं धातूची पट्टी मारतात. झिजावयाचें तें पट्टीनें झिजावें व लांकूड राखावें, एवढेंच तिचें काम.

परंतु ही पट्टी कोणत्या खिळ्यांनीं बसविली, यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. इंग्रज आरमारानें १७६१ सालीं ‘अलार्म’ नांवाच्या युद्धनौकेच्या तळास तांब्याचे पत्रे मारले. १७६३ सालीं तपासणी झाली, तेव्हां पत्रे धरणारे लोखंडी खिळे पुष्कळ ठिकाणीं खाऊन गेलेले आढळले. जेथें तांबें व लोखंड यांमध्यें वेष्टनाचा तपकिरी कागद राहून गेला होता, तेथील लोखंड मात्र शाबूत होतें. खाऱ्या पाण्यांत दोन भिन्न धातु एकमेकांस लागले म्हणजे विजेचा सूक्ष्म प्रवाह चालू होतो, व त्यांतील एक धातु झपाट्यानें झिजतो. तांबें व लोखंड यांच्या जोडींत झिजतें तें लोखंड.

यावरून पहिला नियम असा कीं, पट्टी ज्या धातूची, खिळेही त्याच धातूचे असावेत. लोखंडी पट्टीवर जस्ताचा मुलामा असेल तर खिळ्यांवरही तो असावा. जस्त आधीं झिजतें व लोखंडास वांचवितें. तांब्याच्या किंवा काशाच्या पट्टीस काशाचे स्क्रू लावावे. साध्या पितळेचे स्क्रू स्वस्त दिसतात. पण समुद्राच्या पाण्यांत त्यांतील जस्त निघून जातें व मागें ठिसूळ, तांबूस सांगाडा उरतो. डोकें जागेवर दिसतें, पकड मात्र गेलेली असते.

दुसरा नियम असा कीं, पट्टीखालीं पाणी सांचूं देऊं नये. लांकूड वाळवून, किडा नाहीं याची खात्री करून, डांबरांत भिजविलेलें जाड कापड घालावें व मगच पट्टी दाबून बसवावी. खिळ्यासाठीं आधीं बारीक भोंक पाडावें, म्हणजे लांकूड चिरत नाहीं. भोंकें एका सरळ रेषेंत न पाडतां आळीपाळीनें दोहों बाजूंस पाडावीं. स्क्रूचें डोकें पट्टीच्या पृष्ठभागाच्या आंत बसावें. वर राहिलें तर वाळूच तें घांसून टाकील. दोन पट्ट्यांचा सांधा तिरपा कापावा व पुढील पट्टीचें टोंक मागील पट्टीवर यावें, म्हणजे होडी नाळेकडून ओढतांना सांधा उचकटत नाहीं.

पावसाळ्यांत होडी वर असते, तेव्हां हातोडीनें कण्यावर हलकेच ठोकून पाहावें. भरीव लांकूड खणखणीत बोलतें. पोखरलेलें बद्द वाजतें. झिजलेली पट्टी पाहून हळहळूं नये. तिनें आपलें काम केलें, तिच्या जागीं दुसरी घालावी.

नाखवे मंडळींस आमची एक विनंती आहे. चार स्क्रूंचे पैसे वांचविण्याचा मोह होतो, हें आम्ही जाणतों. पण होडी नाखव्याची असली तरी तळ फुटल्यावर पाणी तांडेलाच्या व खलाशाच्याही पायांशीं येतें, आणि त्यांच्या घरीं वाट पाहणारीं माणसें असतात. यंदां होडी वर ओढाल तेव्हां रंगाच्या आधीं तळाकडे पाहा, एवढेंच आमचें मागणें आहे.