पोटांतले जंतु आणि छातींतला खोकला



बुलढाणा जिल्ह्यांत, मराठवाड्याच्या सीमेजवळ, धाड हें माझें गांव. तेथें घरांतलें मूल खोकूं लागलें कीं आजी आधीं विचारी, "पोट साफ झालें का रे?" शहरांत शिकावयास आल्यावर आम्हांला या प्रश्नाचें हंसूं येई. आज तोच प्रश्न निराळ्या भाषेंत जगांतील प्रयोगशाळा विचारीत आहेत, आणि त्यावर निबंधांचे ढीग पडत आहेत. आजीचें म्हणणें खरें ठरलें, असें मात्र मी म्हणत नाहीं. त्या ढिगांत काय आहे, तेवढेंच पाहूं.

निबंधांची मोजदाद हीहि एक विद्याच आहे. तिची कल्पना १९४८ सालीं आपल्याच रंगनाथनांनीं 'लायब्रमेट्री' या नांवानें मांडली होती. या विषयाची मोजदाद केली तर २०२० सालाशीं एक ठळक रेघ दिसते. त्यापूर्वीं आंतड्यांतील जंतु आणि श्वसनमार्गाचे विषाणुजन्य रोग यांचा एकत्र विचार करणारे निबंध थोडे होते. कोरोनाची सांथ आली आणि त्यांचा पूर लोटला. त्यांत चीन व अमेरिका आघाडीवर आहेत. पुष्कळसे लेख स्वतः प्रयोग न करतां दुसऱ्यांचे प्रयोग एकत्र मांडणारे आहेत. एकच धान्य पुन्हां पुन्हां पाखडल्यानें रास मोठी दिसते, पण धान्य वाढत नाहीं!

मूळचें धान्य बरेंचसें त्या रेघेच्या अलीकडलेंच आहे. २०११ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनीं उंदरांना प्रतिजैविकें देऊन त्यांच्या आंतड्यांतील जंतु घटविले, आणि त्या उंदरांची इन्फ्ल्युएन्झाशीं झुंजण्याची शक्ति मंदावलेली आढळली. २०१८ सालीं दुसऱ्या एका प्रयोगांत चोथायुक्त आहारावरील उंदीर त्याच रोगांतून अधिक वांचले. चोथा आपल्याला पचत नाहीं, जंतूंना पचतो. तो आंबवून ते लहान साखळीचीं मेदाम्लें तयार करतात. हीं अम्लें रक्तांतून दूरवर पोंचतात, फुप्फुसांतील अतिरेकी दाह आवरतात आणि विषाणूंशीं लढणाऱ्या पेशींना बळ देतात.

पण उंदीर तो उंदीर. २०२१ सालीं हाँगकाँग येथील संशोधकांनीं कोरोनाच्या १०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या आंतड्यांत कांहीं उपकारक जंतु कमी होते, आणि बरें झाल्यावरहि ती उणीव कांहीं दिवस टिकली. आतां जंतु घटले म्हणून रोग बळावला, कीं रोगानें जंतु घटले? निबंधांच्या पुरांत हा प्रश्न बहुधा वाहूनच जातो.

आणखी एक अडचण घरचीच आहे. पुण्यांत १९५२ पासून विषाणूंचा अभ्यास करणारी संस्था आहे; त्याच शहरांतील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रांत योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं भारतीयांच्या आंतड्यांतील जंतु तपासले. प्रेव्होटेला व मेगास्फेरा हे जंतु आपल्याकडे विशेष असल्याचें त्यांनीं २०१६ सालीं दाखविलें. तेव्हां परक्या देशांतील याद्या आपल्या पोटाला जशाच्या तशा कशा लागू पडाव्यात? ज्वारीची भाकरी खाणाऱ्या धाडच्या शेतकऱ्याचें पोट आणि हाँगकाँगच्या रहिवाशाचें पोट एकाच मापानें मोजणें मला घाईचें वाटतें.

म्हणूनच मला या साऱ्या ढिगापेक्षां ओडिशांतील एक प्रयोग मोलाचा वाटतो. डॉ. पिनाकी पाणिग्रही व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो २०१७ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. खेड्यांतील ४५५६ नवजात अर्भकांपैकीं कांहींना लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा जंतु, त्याला पोसणाऱ्या शर्करेसह, अवघे सात दिवस तोंडावाटे देण्यांत आला; इतरांना नुसतेंच निरुपद्रवी चूर्ण मिळालें. कोणाला काय दिलें, हें देणाऱ्यालाहि ठाऊक नव्हतें. साठ दिवसांत रक्तदोष वा मृत्यु यांचें प्रमाण चूर्णवाल्यांत शेंकडा ९ होतें, तें जंतुवाल्यांत ५.४ भरलें. औषध पोटांत गेलें होतें, तरी छातीचे संसर्गहि घटले. हे संसर्ग केवळ विषाणूंमुळेंच होत नाहींत, हें खरें. परंतु येथें कारण आधीं दिलें गेलें होतें आणि कार्य मागाहून मोजलें गेलें.