दर्शन नको, उत्तर हवं

(बंगळुरूमधील मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्नाटकात मुख्यमंत्री लोकांची गाऱ्हाणी ऐकतात त्या कार्यक्रमाला 'जनता दर्शन' म्हणतात. महाराष्ट्रात मंत्र्यांचा 'जनता दरबार' भरतो. दर्शन देवाचं घेतात, दरबार राजाचा असतो. मंत्र्याने भेटणं ही कृपा मानली जाते, हे या दोन शब्दांतच आलं.

संशोधनासाठी फिरताना मी इथल्या एका वस्तीतल्या बायकांबरोबर एका मंत्र्याच्या कार्यालयात गेलो होतो. प्रश्न घरात शिरणाऱ्या गटाराच्या पाण्याचा. सोबत अनुसूचित जातीसाठी राखीव वॉर्डातून निवडून आलेल्या एक माजी नगरसेविका होत्या. दोन तास बाकावर बसलो. शेवटी स्वीय सहायकाने निवेदन घेतलं. पोच मागितली, ती मिळाली नाही. तेवढ्या वेळात एका मोठ्या सोसायटीचं शिष्टमंडळ आत जाऊन, फोटो काढून बाहेरही आलं. परतताना बाई म्हणाल्या, "पदावर होते तेव्हा निदान फोन तरी उचलायचे."

मित्रहो, त्या 'माजी' झाल्या त्या निवडणूक हरून नव्हे. निवडणूकच झाली नाही. बंगळुरू महापालिकेची मुदत १० सप्टेंबर २०२० ला संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. २ सप्टेंबर २०२५ ला शहराच्या पाच महापालिका झाल्या, तेव्हाही त्यांत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. मुंबईत तेच. मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं संविधानाचा अनुच्छेद २४३-यू सांगतो. अनुच्छेद २४३-टी अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना राखीव जागा देतो. सभागृहच नसेल तर या राखीव जागा कागदावर राहतात. आरक्षण रद्द झालं असं कुणी म्हणत नाही, पण आरक्षणातून आलेला माणूस सभागृहात नसतो.

सभागृह नसलं तरी मंत्र्यापर्यंत काहींचा आवाज पोचतोच. सप्टेंबर २०२५ मध्ये इथल्या एका कंपनीच्या संस्थापकाने रस्ते आणि खड्ड्यांना कंटाळून आउटर रिंग रोडवरचं कार्यालय हलवतो, अशी पोस्ट टाकली. आंध्र प्रदेशच्या मंत्र्याने त्याला लगेच विशाखापट्टणमचं आमंत्रण दिलं, आणि इथे खड्डे बुजवायची मुदत जाहीर झाली. त्याची तक्रार खोटी नव्हती. पण त्याच रस्त्यांवर रोज पहाटे झाडू मारणाऱ्या पौरकार्मिकांचं पाहा. त्यांत बहुसंख्य दलित, आणि स्त्रियाच जास्त. जुलै २०२२ मध्ये त्यांनी काम बंद करून फ्रीडम पार्कात ठाण मांडलं, तेव्हा कायम करण्याचं आश्वासन मिळालं. बारा हजारांहून जास्त जणांच्या हाती नेमणूकपत्रं पडली १ मे २०२५ ला. एकाला पोस्ट पुरली, दुसऱ्यांना संप करावा लागला. हा फरक जातीचा आहे.

आता कुणी म्हणेल, नगरपालिका असली की न्याय मिळतो का? महाड आठवा. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथलं पाणी पिऊन तो ठराव खरा केला. ४ ऑगस्टला त्याच नगरपालिकेने तो मागे घेतला. म्हणजे नुसतं सभागृह पुरत नाही, त्यात आपली माणसं बसलेली लागतात. म्हणूनच १९३२ मध्ये ग्रामपंचायत विधेयकावर मुंबई कायदेमंडळात बोलताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या राखीव प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला.

तेव्हा अमुक मंत्री दिलदार आहे, लगेच भेटतो, या कौतुकात अडकू नका. आपण तीन गोष्टी मागू. निवडणुका वेळेवर घ्या. मंत्री कुणाला, कोणत्या कामासाठी भेटले, ते जाहीर करा. आणि प्रत्येक निवेदनाला पोच आणि ठरलेल्या दिवसांत लेखी उत्तर द्या, मग ते सोसायटीचं असो की वस्तीचं.

त्या बायकांच्या निवेदनाला अजून उत्तर आलेलं नाही. पुढच्या वेळी आम्ही निवेदनाच्या दोन प्रती नेणार आहोत, आणि एकीवर शिक्का घेतल्याशिवाय बाकावरून उठणार नाही.

जय भीम.