नवजात बालकाची अखंड काळजी

बाळ सुखरूप जन्मलें म्हणजे धोका टळला, असें नव्हे. १९८२ मध्यें चंद्रपुरांतून निराळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत हें प्रत्ययास आलें. तेथील ३९ गांवांत १९९३ ते १९९५ या काळांत हजार जिवंत जन्मांमागें ६२ अर्भकें महिन्याच्या आंतच दगावत. रुग्णालय दूर, आणि पावसाळ्यांत नाले दुथडी भरलेले.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें १९९५ पासून गांवांतील स्त्रियांनाच 'आरोग्यदूत' म्हणून शिकवून तयार केलें. बाळंतिणीकडे त्या वारंवार जात, बाळाचें वजन घेत, त्यास ऊब देत आणि जंतुदोष दिसल्यास मातापित्यांच्या संमतीनें इंजेक्शनही टोंचीत.

अल्पशिक्षित स्त्रीच्या हातीं सुई द्यावी काय, हा मोठा वाद होता. त्याचें उत्तर वक्तृत्वानें नव्हे, मोजदादीनें मिळालें. तिसऱ्या वर्षीं मृत्यूंचें प्रमाण २५.५ वर उतरलें. शेजारच्या ४७ गांवांशीं तुलना करून हा वृत्तांत १९९९ मध्यें 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झाला. पुढें 'अंकुर' योजनेंत महाराष्ट्रांत सात ठिकाणीं त्याचा पडताळा घेण्यांत आला.

२००९ मध्यें जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीं गृहभेटींची शिफारस केली. २०११ मध्यें भारत सरकारनें त्या देशभर 'आशां'कडे सोंपविल्या. रुग्णालयांत जन्मलेल्या बाळास सहा व घरीं जन्मलेल्यास सात भेटी, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. सुईविषयीं मतभेद उरला, पण भेटींविषयीं एकमत झालें.

तें एकमत नाला ओलांडून जाणाऱ्या आशेच्या पायांवर उभें आहे. तिचा मोबदला व औषधें वेळेवर पोहोंचविणें, हें आतां सर्वांचें कर्तव्य होय.